बारीक बाईची खराब वार

या, जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट कानापर्यंत पोचायच्या आधी डुलकी लागेल, आणि ही गोष्ट डुलकीत ऐकायची नाही. देवाच्या अशा एका कारागिरीची ही गोष्ट आहे जिच्यापुढे कुणी हात जोडत नाही. बाळ जन्माला आलं की सगळे बाळाकडे धावतात, नाक कुणाचं आणि कान कुणाचे यावर घरच्यांची भांडणं जुंपतात. आणि बाळामागून जो लालजांभळा मांसाचा गोळा बाहेर पडतो, ती वार, ती बादलीत जाते. नऊ महिने आईचं रक्त निवडून, गाळून, जिनं बाळाला घास घास भरवलं, तिच्याकडे मान वळवून कुणी बघत नाही. अहो, घरातल्या मोलकरणीलासुद्धा जाताना कुणी तरी ‘येते हं’ म्हणू देतं.

आपल्या गोष्टीतली थोरली मात्र वारेसाठीच थांबायची. तिचं कामच ते होतं. एका मोठ्या प्रसूतीच्या इस्पितळात ती डॉक्टर होती, पण बाळंतिणींची नव्हे, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतली. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बर्फ भरलेला स्टीलचा डबा घेऊन ती उभी राहायची. वार आली की डब्यात घालून जिना उतरायची, गार मिठाच्या पाण्यात धुवायची, कात्रीनं नखाएवढे तुकडे करायची आणि लगेच गोठवून टाकायची. पुढे त्या तुकड्यांना रंग दिला की त्यातली चरबी भिंगाखाली लाल थेंबांसारखी दिसायची.

या सगळ्या उठाठेवीमागे एक प्रश्न होता. आईच्या रक्तातून वारेकडे चरबी येते. वार त्यातली थोडी स्वतःच्या चुलीत जाळते, कारण एवढं राबायचं तर तिलाही जळण हवं. थोडी बाळाला देते. उरलेली थेंब थेंब करून कोठारात ठेवते. मग आई जाड असली तर वारेत काय होतं? थोरलीनं शंभरावर नमुने तपासले होते आणि उत्तर ठळक दिसत होतं. बारीक बायकांच्या वारेत चूल भडकलेली आणि कोठार जवळजवळ रिकामं. जाड बायकांच्या वारेत चूल मंद आणि कोठार दाराबाहेर ओसंडलेलं, लालच लाल.

हे उत्तर बघून सगळ्यात खूश झाला तो विभागाचा प्रमुख. त्याला मागून सगळे ‘तराजू’ म्हणायचे. माणूस समोर आला की हा तोंडाआधी पोटाकडे बघायचा, मनात वजन करायचा आणि मगच ठरवायचा, याच्याशी नीट बोलायचं की नाही. स्वतः वाळल्या शेंगेसारखा. चहा बिनसाखरेचा, बोलणंही तसंच. वारेवर त्याचा शब्द दूरदूर चालायचा, पण आयुष्यात त्यानं वारेला हात लावला नव्हता. त्याला वास सहन व्हायचा नाही. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून तो विचारायचा, “काय म्हणतायत आपल्या आळशी बायका?” आणि थोरली, सांगायला लाज वाटते पण खरं ते सांगितलं पाहिजे, थोरली हसायची.

हसायची, कारण तिच्या घरीही एक होती. धाकटी बहीण. लहानपणी थोरलीनंच तिचं नाव ‘बटाटी’ ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं की शाळेत, शेजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा ती बटाटीच राहिली. गोल चेहरा, गोल मनगटं, हसली की आधी पोट हसायचं आणि मग ती. एवढी गोड मुलगी की तिच्याशी भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा. थोरलीला मात्र ती दिसली की कपाळावर आठी पडायची. त्यात बटाटीनं लग्न केलं बेकरीवाल्याशी. “कोळशाच्या दुकानात शिरलीस आणि वर म्हणतेस हात काळे का झाले,” असं थोरली तिला भर पाहुण्यांत म्हणाली होती.

आता बटाटी सात महिन्यांची गरोदर होती. नाव थोरलीच्याच इस्पितळात घातलेलं. एका सकाळी थोरली बेकरीच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. भट्टीतून नुकताच पाव निघाला होता. बटाटी स्टुलावर बसून पिशव्यांना गाठी मारत होती.

“किती वाढलंय?” थोरलीनं विचारलं.

“पोट की बाकीचं?”

“चेष्टा नको.”

“ताई, तू आलीस की मी आधी श्वास आत ओढून घेते. या महिन्यात तेही जमत नाही. तेवढं समजून घे.”

थोरलीनं पर्स मांडीवर ठेवली आणि न्यायाधीश निकाल सांगतो तसं सांगितलं. सरांनी जाड मातांसाठी एक ‘शिस्त’ काढली आहे. दुपारी एकदा उकडलेली भाजी, वाटीभर. बाकी दिवसभर पाणी. बाळंत होईपर्यंत.

बेकरीवाला परात खाली ठेवून पुढे आला. “ताई, ती दोन जिवांची आहे.”

“दोन जिवांची आहे आणि चार जणांचं खाते. तुम्ही मध्ये बोलू नका, तुमच्यामुळेच ही वेळ आलीये.”

त्यानं परात पुन्हा उचलली. शिकलेल्या मेहुणीपुढे तो नेहमीच गप्प बसायचा.

“यानं बाळाचं भलं होईल?” बटाटीनं विचारलं. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“होईल. तुझी वार आळशी आहे. चरबी जाळत नाही, नुसती साठवते. तिच्याकडे जेवढं कमी जाईल तेवढं बरं. आणि तुझ्या अंगावर एवढा साठा आहे की दोन महिने जेवली नाहीस तरी काय होणारे?”

“म्हणजे माझी वारसुद्धा आळशी? अगं, तिची तुझी अजून ओळखदेखील नाही आणि शिक्का मारून मोकळी झालीस.” मग जरा थांबून म्हणाली, “करते. बाळासाठी करते. तू एकदा तरी माझ्याबद्दल बरं बोलशील, त्यासाठीही करते.”

आणि मंडळी, तिनं केलं. ज्या घरात पहाटेपासून लोण्याचा आणि भाजक्या पिठाचा वास भरून राहतो, त्या घरात ती पाणी पीत बसली. नवरा पाव कोपऱ्यात, तिच्याकडे पाठ करून खायचा, चोरी केल्यासारखा. महिन्याभरात तिचे गाल उतरले, ओठ सुकले, जिन्यावर तिला भोवळ यायला लागली. बोलायला तोंड उघडलं की जास्त पिकून सडायला आलेल्या फळासारखा वास यायचा. उपाशी अंग स्वतःचीच चरबी जाळायला काढतं तेव्हा येतो तो वास. थोरली डॉक्टर होती, तिला हे कळायला हवं होतं. तिनं बहिणीला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “शाब्बास.”

बटाटी भिंतीकडे तोंड करून रडली. आनंदानं. थोरलीला वाटलं, बरं झालं, वळण लागलं.

तराजूच्या कानावर हे गेलं. इस्पितळाची मोठी सभा जवळ आली होती. विश्वस्त, बाहेरचे डॉक्टर, सगळे येणार होते, आणि ‘शिस्त’ सगळ्या जाड गरोदर बायकांना सक्तीची करावी असा ठराव तो मांडणार होता. “तुमच्या बहिणीला आणा,” तो थोरलीला म्हणाला. “व्यासपीठावर बसवू. लोकांना जिवंत उदाहरण लागतं. आणि खुर्ची जरा भक्कम बघा.” स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला. दुसरं कुणी हसायला नव्हतंच.

सभेत भिंतीवर दाखवायची चित्रं थोरलीनं करायची होती. ती बर्फाच्या कपाटात चांगले नमुने शोधत होती तेव्हा खालच्या कप्प्यातली एक पेटी हाताला लागली. वर तिच्याच अक्षरात ‘खराब’ लिहिलेलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतून चरबीचे आकडे कागदावर यायचे, ते बघून तराजू ज्या नमुन्यांना रंग द्यायच्या आधीच नाकारायचा ते त्यात जायचे, आणि नाकारलेल्याकडे पुन्हा कोण बघतो? त्या दिवशी भांड्यात लाल रंग थोडा उरला होता. टाकून द्यायचा तर जिवावर येतं, म्हणून तिनं त्या पेटीतल्या तुकड्यांवर तो घातला आणि भिंगाला डोळा लावला.

लालच लाल. कोठार ओसंडलेलं. तिला वाटलं, जाड बाईचा नमुना चुकून यात आला. तिनं डबीवरची खूण बघितली. बाई बारीक होती. दुसरी डबी, तीही बारीक. सगळ्याच बारीक. तराजूनं त्यांना खराब ठरवलं होतं ते एकाच कारणानं, त्यांचे आकडे जाड बायकांच्या वारेसारखे होते. बारीक बाईच्या वारेत एवढी चरबी असूच शकत नाही, म्हणजे नमुना नासला. झालं. वर त्यालाच तो काटेकोरपणा म्हणायचा.

थोरली स्टुलावर बसून राहिली. त्यातल्या एका बाईचा चेहरा तिला आठवत होता. शाळेत गाणं शिकवणारी काडीसारखी बाई. त्या दिवशी एकामागून एक अडलेल्या बायका आल्या आणि हिची पाळी मागे मागे ढकलली गेली. आदल्या रात्रीपासून उपाशी, दिवसभर व्हरांड्यात चाकाच्या खाटेवर पडून ती येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होती, “मला नाही तर नाही, पोटातल्याला तरी काही द्या.” थोरली तेव्हा बर्फाचा डबा घेऊन शेजारी उभी होती, आणि बर्फ वितळतोय म्हणून वैतागली होती.

दिवसभर उपाशी.

बाकीच्या डब्यांवरच्या वेळाही तिनं बघितल्या, सगळ्या संध्याकाळच्या. ती उठली, जिना चढून शस्त्रक्रियेच्या खोलीकडे गेली. तिथली मेट्रन टेबलावर पाय पसरून सुपारी कातरावी तशी पेन्सिल तासत होती. रोज कुणाची शस्त्रक्रिया कधी, ते तीच ठरवायची.

“जाड बायका तुम्ही कधी घेता?” थोरलीनं विचारलं.

“शेवटी. दुसरं काय करणार? त्या आपल्या टेबलावर मावत नाहीत. रुंद टेबल एकच आहे आणि ते असतं हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांचं उरकलं की आमच्याकडे ढकलत आणतात. दुपार टळते.”

“रोज?”

“तुम्ही काय आजच आलात का इथे? रोज तर डबा घेऊन उभ्या असता.”

“आणि तोवर त्या?”

“तोवर उपाशी. शस्त्रक्रियेच्या आधी खायला देतात का?” मेट्रननं पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. “आणि काय होतंय त्यांना? अंगावर एवढा साठा आहे.”

 थोरलीला हे वाक्य ओळखीचं होतं. बेकरीच्या मागच्या खोलीत ते तिच्याच तोंडून निघालं होतं.

आता विचार करा, किती साधी गोष्ट. बारीक बाई सकाळीच मोकळी व्हायची, जाड बाई दिवसभर उपाशी पडून राहायची. उपाशी अंग साठवलेली चरबी रक्तात सोडतं, ती लोंढ्यानं वारेकडे जाते, आणि बिचारी वार जाळून जाळून किती जाळणार, कोठारात भरत सुटते. आणि खाली तळमजल्यावर ही विद्वान मंडळी कोठार बघून म्हणत होती, बाई खादाड. उपाशी ठेवायचं आपण आणि वर खादाड म्हणायचं. असल्या विद्वत्तेला देवानं दोन डोळे दिले ते फक्त चष्मा अडकवायला.

तरी थोरली आता घाईनं निष्कर्ष काढणार नव्हती. ती हाडांच्या डॉक्टरांकडे गेली, विनवलं, भांडली, आणि काही दिवस रुंद टेबल सकाळीच मागून घेतलं. जाड बायका पहिल्या नंबरला गेल्या. मेट्रन बडबडत राहिली, “आता टेबलाची पण पूजा करा.” नमुने आले. थोरलीनं रंग दिला, बघितलं, पुन्हा बघितलं. खरं ते खरं, जाड आयांच्या वारेत चूल तरीही जरा मंदच होती आणि कोठारात थेंब बारीक बायकांपेक्षा जास्तच होते. पण ते ओसंडणं गेलं होतं. पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे वार आळशी नव्हती. तिच्यावर ओझं मुळातच थोडं जास्त होतं, आणि उपासानं त्यावर पोत्यावर पोती टाकली होती.

आणि तिची बहीण दीड महिना उपाशी होती.

ती आधी तराजूकडे गेली. तो सभेचं भाषण आरशासमोर म्हणून बघत होता.

“ते नमुने खराब आहेत,” तो म्हणाला.

“कशावरून, सर?”

“बारीक बाईच्या वारेत एवढी चरबी नसते.”

“पण आहे ना. मी दाखवते, खाली चला.”

“खाली?” त्याचा हात आपोआप रुमालाकडे गेला. “हे बघा डॉक्टर, तुमची बहीण त्यात आहे म्हणून तुम्ही हळव्या झालात. शास्त्रात हळवेपणा चालत नाही. चित्रं तयार ठेवा. आणि पुन्हा ते टेबल हलवाल तर मला विचारून.”

थोरली तिथून थेट बेकरीत गेली. बटाटी खाटेवर पडली होती. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर नेसायची साडी उशाशी होती. बेकरीवाला दारात उभा होता, त्याच्या हातांचं पीठ तसंच होतं.

“ऊठ, काही तरी खा,” थोरली म्हणाली. “माझी चूक झाली.”

“कुणाची?”

“माझी. उपाशी राहून वारेवरचं ओझं कमी होत नाही, वाढतं. बाळाला त्रास होईल. ऊठ.”

 बटाटीनं मान फिरवली. “नाही. तू माझी परीक्षा बघतेस. उद्या सगळ्यांसमोर बसायचंय आणि आज मी पाव खाऊन बसले तर तूच म्हणशील, बटाटी ती बटाटी.”

“अगं, मी डॉक्टर म्हणून सांगते.”

“तेव्हाही डॉक्टर म्हणूनच सांगितलं होतंस.” तिचा आवाज बारीक होता, पण त्यात राग नव्हता, हट्ट होता. “ताई, तीस वर्षांत एकदा शाब्बास म्हणालीस. एवढ्यात परत मागायला आलीस?”

बेकरीवाला बाहेर जाऊन उभा राहिला.  जिला आयुष्यभर टोमण्यांवर वाढवली, तिला एका शाब्बासकीची इतकी भूक लागली होती की पोटाची भूक तिला ऐकू येत नव्हती. आणि ही भूक लावणारी कोण, तर समोर उभी असलेली मोठी बहीण. त्या रात्री थोरली घरी जाऊन देवासमोर बसली. मागायला काही नव्हतंच. नुसती बसली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. व्यासपीठावर तराजू, विश्वस्त, आणि कडेला हात असलेल्या एका अरुंद खुर्चीत दाबून बसवलेली बटाटी. भक्कम खुर्ची कुणी आणलीच नव्हती. तिचं पोट पुढे आलेलं, ओठ पांढरे, कोपरं दोन्हीकडून आवळलेली, आणि तरी ती थोरलीकडे बघून हसत होती. तराजूपुढे चहा आणि बिस्किटांची बशी होती. त्यानं चहा घेतला होता, बशीला अर्थातच हात लावला नव्हता. थोरली मागे, चित्रं दाखवायच्या यंत्रापाशी उभी.

तराजूनं सुरुवात केली. देहाची शिस्त, मनाची शिस्त, आणि ज्यांना दोन्ही नाहीत त्या माता. हशा पिकला. मग हात उंचावून तो म्हणाला, “चित्र.”

थोरलीनं चित्र लावलं. भिंत लाल झाली.

तराजूनं मागे वळून एक नजर टाकली, तेवढी त्याला पुरायची. “पाहा. ही आहे जाड बाईची वार. हे लाल थेंब म्हणजे आयुष्यभराचा खादाडपणा. ही बाई स्वतः साठवत राहिली आणि पोटातल्या वारेलाही तेच शिकवलं. मी तर म्हणेन, हे चित्र बघून मला या बाईचं जेवणाचं ताटसुद्धा दिसतं.” पुन्हा हशा. “तिचा चेहरा दिसतो. तिचा आळस दिसतो.”

“सर,” थोरली मागून म्हणाली. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. “ही बाई काडीसारखी आहे. शाळेत गाणं शिकवते. तिची ही वार तुम्ही खराब म्हणून बाजूला टाकायला लावली होती.”

 तराजूनं चित्राकडे परत बघितलं, पण त्यात काय शोधायचं ते त्याला माहीतच नव्हतं. ज्यानं कधी वार हातात धरली नाही, त्याला ती कुणाची हे काय कळणार? तो एवढंच म्हणाला, “चुकीचं चित्र लावलंय.”

“चित्र बरोबर आहे, सर. ती बाई दिवसभर उपाशी होती, म्हणून तिची वार अशी झाली. जाड बायका आपल्याकडे रोज दिवसभर उपाशी असतात, रुंद टेबल उशिरा येतं म्हणून. आपण जाडपणा मोजला नाही. आपण आपलाच उशीर मोजला.” मग तिनं सगळं सांगितलं. टेबल लवकर आणल्यावर काय दिसलं, फरक किती उरला, तो उरला हेही. काहीच लपवलं नाही. शेवटी ती व्यासपीठाकडे वळली. “आणि तिथे बसलेली ती माझी धाकटी बहीण. तिला मी दीड महिना उपाशी ठेवली. सरांनी नव्हे, मी. मला ती कधी नीट दिसलीच नाही, म्हणून.”

 पुढच्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर चष्मा पुसायला लागले. बटाटी खुर्चीत जरा पुढे सरकायला बघत होती, खुर्ची सोडत नव्हती. तिनं तिथूनच विचारलं, सभेत असल्यासारखं नव्हे, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसं:

“ताई, मग मी खाऊ का?”

“खा.”

“नक्की? शाब्बास परत नाही ना घेणार?”

“नाही. हे त्याहून मोठं शाब्बास.”

बटाटीनं हात लांब केला, तराजूच्या पुढ्यातली बशी ओढली आणि एक बिस्किट तोंडात घातलं. मग दुसरं. तराजू बघत राहिला. वजन करायची सवय म्हणून असेल, पण त्याच्या ओठांची हालचाल होत होती. “जरा पाणी द्या हो,” बटाटी त्याला म्हणाली, “कोरडी आहेत.” आणि सांगायला आनंद वाटतो, त्यानं दिलं. सगळे बघत होते, देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ठराव बारगळला. मात्र तराजू होता तिथेच आहे, अशी माणसं इतक्या सहज हलत नाहीत. थोरलीलाच त्यानं आपल्या कामातून काढलं आणि तिला दुसऱ्या विभागात कोपऱ्यातली खोली मिळाली. पुढे पुढे तर तो सांगत फिरू लागला की रुंद टेबल सकाळीच आणायची सूचना मुळात त्याचीच. जरा लाज वाटून घेईल म्हणावं तर लाजेचंही वजन असतं, आणि त्याला अंगावर एक गुंजभर जास्त चालत नव्हतं.

बेकरीवाल्यानं मात्र उरलेला काळ वाया घालवला नाही. सकाळी वाटीभर दूध, दुपारी पोटभर, संध्याकाळी फळं, आणि मध्येच “ताईंनी सांगितलंय” म्हणून गरम पाव. थोरली रोज यायची आणि बहिणीसमोर बसून स्वतः जेवायची. आधी दोघींनाही अवघड गेलं. बटाटी घास घेताना सवयीनं तिच्या कपाळाकडे बघायची. मग एके दिवशी बघायचं विसरली.

बाळंतपणाच्या दिवशी बटाटीचा नंबर पहिला होता. थोरली डबा न घेता आत गेली होती. मुलगी झाली, हवी त्याहून थोडी लहान, पण आवाज असा की मेट्रननं कानावर हात ठेवले. ते लहानपण उपासानं आलं की आणखी कशानं, हे कुणाला सांगता आलं नाही, आणि थोरलीनंही स्वतःला सोडून दिलं नाही. मागून वार आली. बादली पुढे झाली तेव्हा थोरलीनं हात आडवा केला. ती वार तिनं दोन्ही हातांत घेतली, उबदार, जड, अजून रक्ताळलेली.

“हिची ओळख करून घेते,” ती म्हणाली. टेबलावरून बटाटी म्हणाली, “माझ्यावर गेली असेल, जरा जपून.”

तर अशी ही गोष्ट. कुठे लांबच्या गावात नव्हे, तुमच्या आमच्या घरातही अशी एखादी असते, जिचे घास सगळे मोजतात. मागणं एवढंच आहे. देवाचं नाव घेऊन ताटावर बसाल तेव्हा बटाटीची आठवण काढा, आणि शेजारी जी बसली असेल तिला आग्रहानं वाढा.